मुळांचा आणि बुरशीचा पैरा

(भागाचं लिखित रूप. बोलण्याचा बाज तसाच ठेवलाय. अडखळणं आणि मध्येच आलेला ट्रॅक्टरचा आवाज तेवढा काढलाय.)

एसटीत असाल, रानात असाल, नाहीतर रात्री अंथरुणात पडून ऐकत असाल, तर आवाज थोडा वाढवा. आजचा विषय जमिनीखालचा आहे.

सुरुवात मात्र पाण्यापासून. आपल्या कोल्हापूरकरांची पावसाळ्यातली सवय तुम्हाला माहितीच आहे. सकाळी उठलं की आधी मोबाईलवर राजाराम बंधाऱ्याची पातळी बघायची. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. २०२१ च्या जुलैमध्ये परत तेच. घरांचं, दुकानांचं, जनावरांचं काय झालं ते आपण डोळ्यांनी पाहिलंय. पण पाणी उतरल्यावर रानाच्या आत काय झालं, ते कुणी फारसं बोलत नाही. आज ते बोलू.

माझं आजोळ शिरोळ तालुक्यात, नदीकाठी. मामांची दोन एकर मळीची जमीन. २०१९ ला त्यात दोन आठवडे पाणी उभं राहिलं. ऊस जागेवर कुजला. पाणी उतरलं तेव्हा वर पोयट्याचा थर. मामांनी कुजका ऊस बाहेर काढला, नांगरट केली आणि रान तसंच मोकळं ठेवलं. पुढं फेब्रुवारीत मका केला. उगवण चांगली झाली. पण मका गुडघ्याला लागायच्या आधीच पानांच्या कडा जांभळ्या पडायला लागल्या आणि वाढ थांबली.

मी सुट्टीला गेले होते. मामा मला म्हणाले, "अगं, तू कॉलेजात हेच शिकतीस न्हवं? एवढा पोयटा बसलाय, पीक फुटून यायला पायजे. मग ह्याला झालंय तरी काय?"

मक्याची पानं जांभळी पडणं हे स्फुरद कमी पडल्याचं लक्षण. स्फुरद म्हणजे फॉस्फरस. माती तपासून आणली, तर कागदावर स्फुरद 'मध्यम'. म्हणजे ताट वाढलेलं आहे आणि पोरगं उपाशी. मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. एम.एस्सी.ला गेल्यावर एका तासाला सर बुरशी शिकवत होते, आणि तिथं मला मामांचा मका आठवला.

आता जरा नीट समजून घेऊ.

नत्र, म्हणजे युरियातलं नायट्रोजन, पाण्याबरोबर हलतं. पाणी दिलं की मुळाकडे जातं. स्फुरद तसं नाही. ते हलतच नाही म्हटलं तरी चालेल. आपल्या काळ्या जमिनीत ते चुन्याला धरून बसतं, आणि गगनबावड्याकडच्या तांबड्या जमिनीत लोह आणि ॲल्युमिनियमला. त्यामुळं आपण घातलेल्या स्फुरदापैकी पहिल्या पिकाला साधारण १५ ते २५ टक्केच मिळतं असं धरतात. बाकीचं जमिनीतच राहतं, पण पिकाच्या हाताला लागत नाही.

मूळ काय करतं? स्वतःच्या अवतीभवतीचं, एखाद-दोन मिलिमीटरमधलं स्फुरद खाऊन टाकतं. मग त्याच्या भोवती एक रिकामा पट्टा तयार होतो. पलीकडे स्फुरद आहे, पण ते चालत येणार नाही. मुळाला पुढं वाढावं लागणार, आणि मूळ वाढवणं झाडाला महाग पडतं.

इथं बुरशी येते. बुरशी म्हटलं की आपल्याला लोणच्यावरची आठवते, नाहीतर भाकरीवरची. ही वेगळी. हिचे धागे आपल्या केसापेक्षा कितीतरी बारीक असतात. जिथं मूळ शिरू शकत नाही त्या मातीच्या फटीत धागा शिरतो. मुळापासून काही सेंटिमीटर लांब जातो, रिकामा पट्टा ओलांडतो आणि स्फुरद घेऊन येतो. जस्तही आणतो. चांगल्या जिवंत जमिनीत चिमूटभर मातीत असे धागे काही मीटर भरतात. चिमटीत!

आणि हे सगळं फुकट नाही बरं का. गावाकडच्या लोकांना 'पैरा' शब्द माहीत असेल. शहरातल्यांसाठी सांगते. तू माझ्या रानात ये, मी तुझ्या रानात येतो, पैशाचा संबंध नाही, त्याला पैरा म्हणतात. झाड आणि बुरशी यांचा पैराच आहे. बुरशीला ऊन वापरून अन्न करता येत नाही. झाडाला येतं. म्हणून झाड आपण बनवलेल्या अन्नातलं साधारण ४ ते २० टक्के या बुरशीला देतं. साखर देतं आणि चरबीही देतं. कारण ही बुरशी स्वतःला लागणारी चरबी स्वतः बनवूच शकत नाही. हे २०१७ मध्ये नीट सिद्ध झालं. म्हणजे झाडाशिवाय तिचं चालत नाही. मुळाबाहेर, एकटी, ती फार दिवस जगत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

देवाणघेवाण कुठं होते? मुळाच्या पेशीच्या आत. बुरशीचा धागा पेशीत शिरतो आणि तिथं इवल्याशा झाडासारख्या फांद्या फोडतो. एका बाजूनं स्फुरद येतं, दुसऱ्या बाजूनं साखर आणि चरबी जाते. ही फांदी काही दिवसच टिकते. मग ती विरघळते आणि नवी तयार होते. म्हणजे हिशोब रोजचा, उधारी नाही.

याला शास्त्रात मायकोरायझा म्हणतात. ग्रीक शब्द आहे, अर्थ अगदी साधा, 'बुरशी-मूळ'. १८८५ मध्ये आल्बर्ट फ्रांक नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं हे नाव दिलं. पण पैरा त्याहून किती जुना? स्कॉटलंडमधल्या रायनी गावच्या दगडात सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पती सापडल्यात, आणि त्यांच्या पेशींत या बुरशीच्या तशाच फांद्या दिसतात. गंमत म्हणजे त्या वनस्पतींना आजच्यासारखी मुळंच नव्हती. मुळं नीट यायच्या आधीपासून भागीदार हजर होता!

आपल्या भागातलं कुठलंही पीक घ्या. ऊस, ज्वारी, मका, सोयाबीन, भुईमूग, हळद, मिरची, टोमॅटो, कांदा, सगळ्यांचा हा पैरा आहे. कांद्याची मुळं जाड आणि कमी फांद्यांची, त्यामुळं कांदा तर या बुरशीवर फारच अवलंबून. पैरा न करणारीही काही मंडळी आहेत. कोबी, फ्लॉवर, मोहरी हे एक घराणं, आणि पालक, बीट हे दुसरं. यांचं ज्याचं त्याचं चालतं.

एक गोष्ट मध्येच स्पष्ट करते, कारण कॉमेंटमध्ये हमखास येईल. पावसाळ्यात वारुळावर उगवणारी अळंबी, जी आपण चवीनं खातो, ती हीच का? नाही. तिचा पैरा वाळवीशी आहे, मुळाशी नाही. आंब्यावर फुलणारी सीतेची वेणी मात्र बुरशीचीच ऋणी आहे. ते ऑर्किड. त्याचं बी धुळीसारखं बारीक, आत शिदोरी काहीच नाही. बुरशी भेटली तरच ते रुजतं. पण ती बुरशी निराळ्या जातीची. आज आपण उसा-मक्याच्या बुरशीपुरतंच बोलू.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. अंधारात, मातीत, मूळ आणि बुरशी एकमेकांना शोधतात कसे?

मूळ हाक मारतं. खरंच. स्फुरद कमी पडलं की मूळ मातीत एक रसायन सोडतं, अगदी किंचित. ते बुरशीला लागलं की तिचे धागे भराभर फांद्या फोडतात आणि मुळाच्या दिशेनं येतात. या रसायनांचं नाव स्ट्रायगोलॅक्टोन. नाव कुठून आलं ते ऐका. ज्वारीत आणि उसात टारफुला येतो, माहितीये? दिसायला नाजूक, छोट्या फुलांचं तण. पण त्याची मुळं पिकाच्या मुळात घुसून रस ओढतात. त्याचं शास्त्रीय नाव स्ट्रायगा. टारफुल्याचं बी वर्षानुवर्षं जमिनीत गप्प पडून असतं आणि पिकाचं मूळ जवळ आलं की जागं होतं. ते कशानं जागं होतं याचा शोध घेताना १९६६ मध्ये अमेरिकेत कापसाच्या मुळातून हे रसायन हाती लागलं. तेव्हापासून सगळ्यांना कोडं होतं. पीक स्वतःच्या वैऱ्याला उठवणारं रसायन सोडेलच कशाला? उत्तर यायला जवळजवळ ४० वर्षं लागली. २००५ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की ही हाक मुळात बुरशीसाठी होती. टारफुला ती चोरून ऐकतो! मित्राला मारलेली हाक चोरानं ऐकली, असा प्रकार.

आणि यातच आपल्या शेतीची गोम आहे. जमिनीत मुळाशेजारी भरपूर स्फुरद असलं, तर मूळ हाक मारतच नाही, किंवा अगदी हळू मारतं. का मारावी? बुरशीला साखर द्यायची कशाला, हातात आयतं मिळतंय तर? म्हणून दरवर्षी गरज असो नसो डीएपी घालत राहिलं की बुरशी बेकार होते. मरते असं नाही, पण तिचं काम जातं. आणि काम गेलं की खाणंही जातं.

डीएपीची एक ५० किलोची बॅग, तिच्यात स्फुरद २३ किलो आणि नत्र ९ किलो. भाव साधारण १३५० रुपये, तोही सरकार अनुदान देतं म्हणून. त्यातलं स्फुरद येतं खडकातून, आणि आपल्या देशात तो खडक पुरेसा नाही. जगातला सगळ्यात मोठा साठा मोरोक्कोत आहे. म्हणजे शिरोळच्या मक्याचं जेवण आफ्रिकेतनं बोटीनं येतंय आणि शेजारी जमिनीत पडलेलं आपण उचलत नाही. उचलणाऱ्याला आपणच घरी बसवलंय.

आता परत मामांच्या रानात जाऊ.

बुरशी मुळाशिवाय जगत नाही, हे लक्षात ठेवायला सांगितलं होतं ना? पूर आला तेव्हा मातीतली हवा गेली. उसाची मुळं कुजली. म्हणजे बुरशीचं घर आणि जेवण दोन्ही एकदम गेलं. त्यानंतर नांगरट झाली, उरलेसुरले धागे तुटले. मग सहा महिने रान मोकळं, एक जिवंत मूळ नाही. बुरशीची बीजं काही काळ तग धरतात, पण महिन्यांमागून महिने गेले की तीही कमी होतात. फेब्रुवारीत मक्यानं हाक मारली तेव्हा ऐकायला फारसं कुणी उरलंच नव्हतं.

हे मी नुसतं रचून सांगत नाहीये. १९९३ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी नदीला प्रचंड महापूर आला. आयोवा वगैरे मक्याच्या राज्यांत शेतं पाण्याखाली गेली, त्या हंगामात रिकामी राहिली. पुढच्या वर्षी तिथं मका केला तर तो खुजा आणि जांभळा. मातीत स्फुरद होतं, तरी पिकाला मिळेना. तपासल्यावर कळलं की मुळात बुरशीच फार कमी आहे. ऑस्ट्रेलियात पूर न येताही हेच दिसलं होतं. क्वीन्सलँडमध्ये रान वर्षभराहून जास्त पडीक ठेवलं की पुढची सूर्यफुलं स्फुरदावाचून खुरटायची. १९८७ मध्ये तिथल्या संशोधनानं कारण दाखवलं, बुरशी घटली होती. दोन्हीकडे धडा एकच, रिकामं रान म्हणजे विश्रांती घेणारं रान नव्हे. वरून शांत दिसतं, आत उपासमार चालू असते.

आता खरं बोलायचं तर पानं जांभळी पडायला थंडीही कारण असते, आणि ट्रॅक्टरनं जमीन दाबली गेली असली तरी पडतात. म्हणून दिसलं जांभळं की म्हणा बुरशी गेली, असं करू नका. पण पूर, नांगरट, सहा महिने रिकामं रान, आणि कागदावर 'मध्यम' स्फुरद, या चार गोष्टी एकत्र आल्या की बुरशीचा विचार पहिल्यांदा करा. मामांच्या रानात चारही होत्या.

एक छोटं वळण घेते, कारण तुमच्यापैकी निम्म्यांनी ते रील पाहिलंय. 'जंगलात झाडं बुरशीच्या इंटरनेटवरून बोलतात, आई-झाड पिल्लांना जेवण पाठवतं.' १९९७ मध्ये सुझान सिमार्ड यांनी कॅनडात झाडाझाडांत कार्बन जाताना मोजला, ते संशोधन खरं. पण २०२३ मध्ये तीन संशोधकांनी पुरावे तपासून सांगितलं की आई पिल्लाला ओळखून वाढते वगैरे गोष्टी जंगलात सिद्ध झालेल्या नाहीत. मला विचाराल तर रीलपेक्षा खरी गोष्टच भारी आहे. बुरशी मायाळू नाही आणि लबाडही नाही. जास्त साखर देणाऱ्या मुळाला ती जास्त स्फुरद देते, हे २०११ मध्ये प्रयोगात दिसलंय. मूळही तसंच वागतं. चोख व्यवहार! म्हणून तर तो ४० कोटी वर्षं टिकला.

बरं, मग करायचं काय? पाच गोष्टी सांगते, खिसा न कापणाऱ्या.

पहिली. पूर ओसरला, वाफसा आला की रान मोकळं ठेवू नका. धैंचा टाका. आपल्या वाडवडिलांनी हिरवळीसाठी केलाच आहे. धैंच्याला ओल सोसते, तो नत्र आणतो, आणि मुख्य म्हणजे त्याच्या मुळांवर ही बुरशी परत बसते. तागही चालतो, पण त्याला साठलेलं पाणी सोसत नाही. लगेच कोबी-फ्लॉवर लावलात तर पैसा मिळेल कदाचित, बुरशी मात्र वाढणार नाही, कारण ते घराणं पैरा करत नाही.

दुसरी. पुरानंतरच्या पहिल्या पिकाला स्फुरद अजिबात बंद करू नका. बुरशी नसताना पिकाला मदत लागणारच. पण फेकून देण्यापेक्षा थोडं, बियाच्या बाजूला, मुळाला लगेच सापडेल असं द्या. नंतर माती तपासा, आणि स्फुरद भरपूर असेल तर पुढच्या वेळी हात आखडता घ्या.

तिसरी. नांगरट आणि रोटाव्हेटर कमी. आपल्या कोल्हापूरचेच शेतकरी प्रताप चिपळूणकर, कृषी पदवीधर, त्यांनी 'नांगरणीशिवाय शेती' हे पुस्तक लिहिलं. ऊस गेल्यावर बुडखे आणि मुळं जागेवरच कुजू द्यायची, हे त्यांनी स्वतःच्या रानात करून सांगितलं. त्यांचा भर कुजण्यावर आणि सेंद्रिय कर्बावर होता. पण धाग्यांच्या बाजूनं बघितलं तरी तेच बरोबर पडतं. जाळं तोडलं नाही की नव्या मुळाला ते तयारच मिळतं. खोडव्याचंही तसंच, मुळं आधीच रानात असतात. पाचट जाळू नका हे तर सगळेच सांगतात, ते ऐका.

चौथी. पाकीट. दुकानात मायकोरायझाची पावडर मिळते. ती वाईटच असते असं नाही. रोपवाटिकेत, निर्जंतुक केलेल्या मातीत, खाणीच्या उजाड जमिनीत तिचा उपयोग होतो. पण ही बुरशी जिवंत मुळावरच वाढवावी लागते, त्यामुळं ती बनवणं अवघड, आणि बऱ्याच पाकिटांत जिवंत माल फार कमी असल्याचं वेगवेगळ्या देशांत तपासणीत आढळलंय. म्हणून सगळ्या रानात ओतू नका. चार सऱ्यांना घाला, शेजारच्या चार सऱ्यांना घालू नका, आणि वजन करून बघा. तुमचं रान, तुमचा पुरावा. आणि हो, ट्रायकोडर्मा म्हणजे मायकोरायझा नव्हे. ती वेगळी बुरशी, तिचं काम वेगळं.

पाचवी खास कॉलेजवाल्यांसाठी. ही बुरशी नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही, पण शाईनं दिसते! मक्याची बारीक मुळं धुवून घ्यायची, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या पाण्यात उकळून पारदर्शक करायची, मग व्हिनेगरमध्ये थोडी फाउंटन पेनची शाई घालून त्यात काही मिनिटं गरम करायची. धुवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा. निळ्या धाग्यांचं जाळं मुळाच्या आत दिसेल. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पाच मिनिटं मान वर केली नव्हती. हे लॅबमध्ये, सर किंवा मॅडम समोर असतानाच करा. ते हायड्रॉक्साइड कातडी भाजतं.

२०२१ ला मामांच्या रानात परत पाणी आलं. ह्या वेळी मी आधीच फोन केला होता. मामा म्हणाले, "बघू की, तुझं ऐकतो एकदा." वाफसा आल्यावर त्यांनी धैंचा टाकला. थंडी सरल्यावर मका केला, बियाच्या बाजूला चिमूट-चिमूट डीएपी दिलं. पानं हिरवी राहिली. एका रानावरनं, एका वर्षावरनं शास्त्र सिद्ध होत नाही, हे मला माहितीये. खत बाजूला दिलं त्याचाही वाटा असेल. पण मामांनी पुढचा हिशोब स्वतःच काढला. म्हणाले, "म्हंजे रानाला पण माणसं लागत्यात म्हण की. एकटं ठिवलं की खचतंय."

याहून सोपं मला सांगता आलं नसतं.

तर मंडळी, यंदा पाऊस लागला की बंधाऱ्याची पातळी बघाच. पण पाणी उतरल्यावर एकदा रानातही बघा, जिवंत मूळ आहे का. तुमच्याकडे पुरानंतरचं पीक कसं आलं, काय लावलं होतं, किती दिवस रान मोकळं होतं, ते व्हॉइस नोट करून पाठवा. कोल्हापुरी बोलीत पाठवलात तर अजून भारी. आणि हा भाग घरातल्या अशा एका माणसाला ऐकवा, ज्यानं गेल्या वर्षी डीएपीच्या बॅगा उचलल्यात.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, येते!